सप्तशृंगगडावर उत्तर शोधणारा तरुण : विष्णुबुवा ब्रह्मचारी

॥ श्री सप्तशृंगीमाता प्रसन्न ॥

नाशिक जिल्ह्याच्या वायव्येस, गुजरातच्या सीमेला लागून सुरगाणा तालुका वसलेला आहे. नार आणि पार या नद्यांचे खोरे, सागाची राने आणि डोंगरउतारावरील नागली-वरईची शेते हे या भागाचे रूप होय. येथून बोरगाव, अभोणा या मार्गाने नांदुरीस आले की समोर सात शिखरांचा गड उभा राहतो. महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी अर्धे पीठ मानले जाणारे श्री सप्तशृंगीमातेचे हे स्थान कळवण तालुक्यात, नाशिकपासून सुमारे ६० किलोमीटर अंतरावर आहे. कड्यात कोरलेली देवीची अठरा हातांची भव्य मूर्ती आणि समोरच मार्कंडेय ऋषींच्या नावाने ओळखला जाणारा डोंगर यांचे दर्शन घेण्यासाठी चैत्रात व नवरात्रात लक्षावधी भाविक येतात. सुरगाणा, डांग, पेठ, कळवण व खानदेश येथील भाविकांची पावले तर पिढ्यान्पिढ्या या वाटेला लागलेली आहेत.

गडावर नवस फेडावयास येणारे असंख्य असतात. परंतु एकोणिसाव्या शतकात एक तरुण असा आला की ज्याला काहीच मागावयाचे नव्हते. त्याच्या मनात काही प्रश्न होते आणि त्यांची उत्तरे त्याला कोठेही मिळाली नव्हती. हाच तरुण पुढे विष्णुबुवा ब्रह्मचारी या नावाने महाराष्ट्रभर प्रसिद्ध झाला. स्वधर्माविषयी गोंधळून गेलेल्या एका संपूर्ण पिढीला त्यांनी आधार दिला. भाविकांनी, त्यांतही विद्यार्थी व तरुण भाविकांनी, हे चरित्र अवश्य वाचावे.

जन्म, बालपण आणि नोकरी

विष्णुबुवांचे मूळ नाव विष्णू भिकाजी गोखले. त्यांचा जन्म २० जुलै १८२५ रोजी कोकणातील शिरवली या गावी झाला. हे गाव आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात आहे. विष्णू अवघा पाच वर्षांचा असताना वडिलांचे छत्र हरपले. घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे शिक्षण लिहिणे, वाचणे आणि हिशेब येथवरच थांबले. पोटासाठी त्यांनी लहान वयात किराणा दुकानात काम केले व पुढे सरकारी जकात खात्यात नोकरी धरली.

त्या काळी सरकारी नोकरी मिळणे म्हणजे कुटुंबाचे भाग्य उजळणे होय. तरुण विष्णूला मात्र या स्थैर्यात समाधान वाटेना. माणूस जन्मास कशासाठी येतो, ईश्वराचे स्वरूप काय, धर्मग्रंथात सांगितलेले आणि व्यवहारात दिसणारे यांत एवढे अंतर का, असे प्रश्न त्यांना सतावू लागले. नोकरीच्या निमित्ताने ते कोकणपट्टीत ठिकठिकाणी राहिले. जेथे जात तेथील शास्त्री, साधू, बैरागी यांना ते गाठत व आपले प्रश्न विचारीत. कोणी ग्रंथांतील वचने म्हणून दाखवी, कोणी मंत्र देऊ करी, तर कोणी लहान तोंडी मोठा घास म्हणून त्यांची बोळवण करी. मनाचे समाधान होईल असे उत्तर मात्र कोणीही दिले नाही.

येथेच या चरित्राचे मर्म आहे. ज्याला अश्रद्ध म्हणून सहज बाजूला सारता आले असते, असा हा तरुण होता. त्याचे प्रश्न वडीलधाऱ्यांना अवघड वाटत होते. वस्तुतः हे प्रश्न श्रद्धेतूनच उपजलेले होते. ज्याला देवाची ओढ नाही तो देवाविषयी प्रश्नही विचारीत नाही.

गडावरील तपश्चर्या

वयाच्या तेविसाव्या वर्षी विष्णूने नोकरीचा त्याग केला. विवाह न करता ब्रह्मचर्यव्रत स्वीकारण्याचा निश्चय केला आणि कोकणातून घाट चढून तो सप्तशृंगीच्या अरण्यात आला. त्या काळी गडाचा परिसर घनदाट जंगलाचा होता. आज नांदुरीपासून गडापर्यंत मोटाररस्ता आहे आणि २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉलीचीही सोय झाली आहे. त्या काळी यांतील काहीही नव्हते. वाटा पायाखालच्याच होत्या आणि रानात हिंस्र श्वापदांचा वावर होता. पलीकडे सुरगाण्याच्या बाजूला देशमुखांचे छोटेसे संस्थान होते. पुढे १९४८ मध्ये ते विलीन झाले.

अशा एकांतात विष्णुबुवांनी कंदमुळांवर राहून तप केले. त्यांनी कोणा एका गुरूचे शिष्यत्व पत्करले नाही. चिंतन, मनन आणि देवीचे सान्निध्य हीच त्यांची साधना होती. याच ठिकाणी आपणास आत्मबोध झाला व लोकांत जाऊन वेदोक्त धर्म समजावून सांगण्याची आज्ञा झाली, अशी त्यांची धारणा होती. जो प्रश्न घेऊन चढला, तो उत्तर घेऊन उतरला, असे त्यांच्या गडावरील वास्तव्याचे वर्णन करता येईल.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, आत्मबोध झाल्यावर बुवा गडावर राहिले नाहीत. तेथेच मठ बांधून शिष्यपरिवार जमविणे त्यांना अवघड नव्हते. परंतु जे आपल्याला मिळाले ते, आपल्यासारखेच प्रश्न घेऊन भटकणाऱ्यांपर्यंत पोहोचविले पाहिजे असे त्यांना वाटले. गड उतरून ते गावोगाव फिरू लागले. पंढरपूरसह महाराष्ट्रातील अनेक ठिकाणी त्यांनी व्याख्याने दिली आणि श्रोत्यांना शंका विचारण्यास मोकळीक दिली. ज्या मोकळिकीसाठी ते स्वतः तळमळले होते, तीच ते आता इतरांना देत होते.

तत्कालीन मुंबई आणि तरुणांची अवस्था

सन १८५६ मध्ये बुवा मुंबईस आले. मुंबईतील तरुण पिढी तेव्हा एका मोठ्या स्थित्यंतरातून जात होती. इंग्रजी शाळा आणि महाविद्यालये निघाली होती. छापखाने, वृत्तपत्रे आणि नवी शास्त्रे यांनी विचारांचे नवे दालन उघडले होते. १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे आगगाडी सुरू झाली होती. त्याचबरोबर ख्रिस्ती मिशनरी शाळा चालवीत, पुस्तके छापीत आणि रस्त्यावर उभे राहून हिंदू देवदेवता, पुराणकथा व जातिभेद यांवर कठोर टीका करीत.

या टीकेला उत्तर देण्याची तयारी घरच्या मंडळींजवळ नव्हती. मुलाने घरी येऊन विचारले तर त्याला गप्प बसविले जाई, किंवा इंग्रजी शिकून बिघडला असे म्हटले जाई. एकीकडे वर्गात होणारा उपहास आणि दुसरीकडे घरातील मौन, यांच्या कचाट्यात ही मुले सापडली होती. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा मिशनऱ्यांकडे राहिलेला होता. न्यायालयाच्या आदेशाने तो आईवडिलांकडे परत आला, परंतु त्याला पुन्हा जातीत घेण्यास कर्मठ मंडळी तयार होईनात. या बालकास प्रायश्चित्त देऊन घरात घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर यांनी पुढाकार घेतला. त्याबद्दल त्यांनाच समाजाचा रोष पत्करावा लागला. १८५४ मध्ये बाबा पदमनजी हे प्रतिभावान मराठी लेखकही ख्रिस्ती झाले. काही सुशिक्षितांनी १८४९ मध्ये परमहंस सभा स्थापन केली होती. जातिभेद मोडण्याचा त्यांचा हेतू असला तरी समाजाच्या भीतीमुळे तिचे काम गुप्तपणे चाले.

सारांश, जे धर्म सोडून जात होते त्यांची कारणे त्यांनी विचारपूर्वक ठरविली होती, जे राहत होते त्यांना आपण का राहतो हे सांगता येत नव्हते, आणि ज्यांना सुधारणा हवी होती त्यांना ती उघडपणे करण्याचे धैर्य होत नव्हते. अशा वेळी इंग्रजीचा गंध नसलेला, कोणत्याही विद्यालयाची पदवी नसलेला एक ब्रह्मचारी मुंबईत येऊन सर्वांच्या समक्ष उभा राहिला.

समुद्रकिनारीचे वादविवाद

बुवांच्या व्याख्यानांना प्रारंभापासूनच गर्दी होऊ लागली. शेवटी मिशनऱ्यांशी जाहीर वाद करण्याचे ठरले. १५ जानेवारी १८५७ रोजी मुंबईच्या समुद्रकिनारी पहिली सभा भरली. त्यानंतर २८ मे १८५७ पर्यंत दर गुरुवारी या सभा होत राहिल्या. किनाऱ्यावरील मोकळ्या जागेत हिंदू, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती असे सर्व धर्मांचे लोक जमत. त्यांत शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचा भरणा असे. मराठीतून प्रश्न विचारले जात व मराठीतूनच उत्तरे दिली जात.

समोरच्या पक्षात जॉर्ज बोवेन हे अमेरिकन मिशनरी प्रमुख होते. १८४८ मध्ये मुंबईस आलेल्या या गृहस्थांनी मिशनचा पगार नाकारून अत्यंत साधेपणाने सामान्य लोकांत राहण्याचे व्रत घेतले होते. मुंबईकर त्यांच्याविषयी आदर बाळगीत. अर्थात ही लढत सज्जन व दुर्जन यांची नव्हती. दोन्ही बाजूंना आपापल्या श्रद्धेसाठी सर्वस्व सोडलेली माणसे उभी होती. ईश्वराचे स्वरूप, अवतार, मूर्तिपूजा, पाप आणि मुक्ती अशा विषयांवर तासन्‌तास चर्चा चाले. बुवा उत्तरे तर देतच, शिवाय प्रतिपक्षाच्या ग्रंथांवर आणि सिद्धांतांवर उलट प्रश्नही विचारीत. आजवर केवळ ऐकून घेण्याची सवय झालेल्या तरुणांना हे दृश्य अपूर्व वाटले. आपला धर्म प्रश्नांना सामोरा जाऊ शकतो, त्याला तर्काची भाषा येते आणि ती आपल्या मायबोलीत बोलता येते, हा विश्वास त्यांना किनाऱ्यावरच्या त्या वाळूत मिळाला.

मे महिन्यात उत्तर हिंदुस्थानात उठाव झाला. वातावरण तंग बनले आणि मोठ्या जाहीर सभा चालू ठेवणे शक्य राहिले नाही. सुमारे साडेचार महिने चाललेली ही परंपरा थांबली. बोवेन यांनी त्याच वर्षी या चर्चांचा वृत्तान्त इंग्रजीत प्रसिद्ध केला. बुवांच्या बाजूचा मराठी वृत्तान्त त्यांच्या निधनानंतर पुस्तकरूपाने आला. वाद कोणी जिंकला याविषयी दोन्ही पक्षांचे मत अर्थातच वेगळे होते. तथापि घरात कोंडलेला प्रश्न चारचौघांत आला आणि त्याला चारचौघांतच उत्तर मिळाले, हे या सभांचे फलित निर्विवाद होय.

ग्रंथ आणि विचार

बुवांचा भावार्थसिंधु हा ग्रंथ १८५६ मध्ये, तर वेदोक्तधर्मप्रकाश हा त्यांचा प्रमुख ग्रंथ १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला. वेद हे धर्माचे मूळ असून त्यांच्या आधारे समाजाची घडी नव्याने बसविता येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. सर्व विद्या वेदांत आहेत यांसारखे त्यांचे काही युक्तिवाद आजच्या अभ्यासकांना पटणारे नाहीत. त्यांची वादातील भाषा काही वेळा तिखट होत असे, हेही खरे. परंतु त्यांच्या विचारांचा गाभा आजही ताजा आहे.

स्वधर्माचा कैवार घेणारे बुवा स्वसमाजातील दोषांवर पांघरूण घालणारे नव्हते. माणसाची श्रेष्ठता जन्मावर नसून गुण आणि कर्म यांवर ठरते, असे ते सांगत. जन्मावरून मानली जाणारी उच्चनीचता त्यांना मान्य नव्हती. स्त्रियांना शिक्षण मिळावे, विधवांना पुनर्विवाह करता यावा, विवाह वधूवरांच्या संमतीने व्हावेत, असा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे मिशनऱ्यांविरुद्ध त्यांची पाठ थोपटणारे कित्येक सनातनी पुढे त्यांच्यावर रुष्ट झाले. बुवांनी त्याची पर्वा केली नाही. परक्याने दाखविलेला दोष खरा असेल तर तो दूर करावा आणि खोटा असेल तर निर्भयपणे तसे सांगावे, हे धोरण त्यांनी अखेरपर्यंत पाळले.

१८६७ मध्ये त्यांनी सुखदायक राज्यप्रकरणी निबंध लिहिला. संपूर्ण राज्य हे एक कुटुंब असावे, जमीन सर्वांची मिळून असावी, पिकलेले धान्य गावाच्या कोठारात ठेवून प्रत्येकाने गरजेप्रमाणे न्यावे, मुलांचे संगोपन व शिक्षण राज्याने करावे आणि ज्याला जे काम साधेल ते त्याला द्यावे, अशी कल्पना त्यांनी त्यात मांडली. १८६९ मध्ये याचे इंग्रजी भाषांतरही झाले. कार्ल मार्क्सच्या सुप्रसिद्ध ग्रंथाचा पहिला खंड १८६७ मध्येच जर्मन भाषेत निघाला, हा योगायोग अभ्यासक आवर्जून नमूद करतात. युरोपातील ग्रंथ न वाचलेल्या या संन्यस्त वृत्तीच्या माणसाने सर्व भूतांत एकच आत्मा पाहण्याच्या शिकवणीतून उपाशी माणसाच्या भाकरीचा विचार केला. धर्म आणि भूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे त्यांनी कधी मानले नाही.

अखेर

अविश्रांत भ्रमण, व्याख्याने आणि लेखन यांत बुवांचे आयुष्य वेचले गेले. १८ फेब्रुवारी १८७१ रोजी मुंबई येथे त्यांनी देह ठेवला. त्या वेळी त्यांचे वय अवघे ४५ वर्षांचे होते. त्यांच्यामागे मोठा मठ, गादी अथवा संपत्ती राहिली नाही. चार वर्षांनी, १८७५ मध्ये, स्वामी दयानंद सरस्वती यांनी मुंबईतच आर्य समाजाची स्थापना केली. वेदांच्या आधाराने समाज सुधारण्याची हाक मुंबईने त्यापूर्वीच बुवांच्या मुखातून ऐकलेली होती.

आजच्या तरुण भाविकांसाठी

विष्णुबुवांच्या काळातील मुंबईची परिस्थिती आज वेगळ्या रूपाने सुरगाण्याच्या पाड्यापाड्यांवर आलेली आहे. येथील मुले आश्रमशाळेत शिकून नाशिकच्या वसतिगृहांत राहतात. कोणी दिंडोरी-पिंपळगावच्या द्राक्षबागांत, कोणी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, तर कोणी वापी-सिल्वासाकडे कामाला जातात. हातातील मोबाइलवर सारे जग येऊन उभे राहते. तेथे कोणी त्यांच्या बोलीला हसतो, कोणी त्यांच्या डोंगऱ्यादेवाला, वाघदेवाला, कणसरीमातेला अंधश्रद्धा म्हणतो, कोणी नव्या पंथाचे निमंत्रण देतो, तर कोणी धर्माच्या नावाने दुसऱ्याचा द्वेष शिकवितो. पिढ्यान्पिढ्या बोहाड्यात देवांची सोंगे नाचविणाऱ्या घरातील मुलाला त्या सोंगाचा अर्थ सांगता आला नाही, तर हळूहळू त्याला त्याची लाज वाटू लागते. लाज वाटू लागली की माणूस आपल्याच घरात परका होतो.

अशा मुलाला रागावून काहीच साधत नाही. विष्णूला ज्यांनी गप्प केले त्यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. म्हणून वडीलधाऱ्यांनी मुलांचे प्रश्न ऐकून घ्यावेत. कणसरी म्हणजे कणसाची, धान्याची माता, तिच्या कृपेनेच घरात नागलीची भाकरी येते, हे आजीने सांगावे. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात गाव एकत्र का येते, हे भगताने समजावून द्यावे. गडावर जाताना सप्तशती कोणत्या पुराणातील आहे व समोरच्या डोंगराला मार्कंडेयांचे नाव का आहे, हे वाटेतच मुलांना सांगावे. सप्तशती हा मार्कंडेय पुराणाचाच भाग आहे, एवढे कळले तरी समोरचा डोंगर मुलाच्या डोळ्यांना वेगळा दिसू लागतो. ज्याचे उत्तर ठाऊक नसेल त्याविषयी तसे मोकळेपणाने सांगून जाणत्याकडे एकत्र जावे.

तरुणांनीही बुवांचे दोन गुण घ्यावेत. पहिला असा की, प्रश्न पडला म्हणून श्रद्धा सोडू नये आणि श्रद्धा आहे म्हणून प्रश्न सोडू नये. दुसरा असा की, आपले सांगताना समोरच्याचेही पूर्ण ऐकावे. बुवा आणि बोवेन साडेचार महिने समोरासमोर उभे राहिले ते शब्दांच्या बळावर. भारतीय राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने प्रत्येक नागरिकास आपल्या श्रद्धेप्रमाणे वागण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. शेजारी वेगळ्या मार्गाने देवाला हाक मारीत असेल तर त्यालाही हेच स्वातंत्र्य आहे. आपल्या देवाचा अभिमान बाळगण्यासाठी दुसऱ्याच्या देवाचा अवमान करावा लागत नाही. त्याचप्रमाणे आपल्यातील व्यसन, उच्चनीच भाव, मुलींचे शिक्षण थांबविणे यांसारखे दोष कोणी दाखविले तर ते नाकारण्यापेक्षा सुधारणे, हीच बुवांच्या मार्गाने केलेली धर्मसेवा होईल.

भाविकहो, गडावर देवीच्या दर्शनाला जाताना घाईने रांगेतून पुढे सरकण्यापूर्वी क्षणभर भोवतालच्या रानाकडे अवश्य पाहावे. याच रानात नोकरी सोडून आलेला तेवीस वर्षांचा एक तरुण मनातील प्रश्न घेऊन बसला होता. देवीने त्याला दूर लोटले नाही. बरोबर आलेल्या मुलाच्या मनात असाच एखादा प्रश्न असेल तर तोही देवीच्या चरणी वाहावा आणि परतीच्या वाटेवर त्याविषयी त्याच्याशी अवश्य बोलावे.

॥ श्री सप्तशृंगनिवासिनी देवी की जय ॥